‘मेट’ : एका ताटावरून उठलेला इंग्रजी सोबती

शब्दवेध

इंग्रजीत सोबत्यासाठी जे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत, त्यांपैकी ‘मेट’ या एकाच शब्दासाठी हा धागा काढतो आहे. फ्रेंड, फेलो, कम्पॅनियन, कॉम्रेड, चम, पॅल, बडी अशी मोठी रांग त्या भाषेत आहे आणि प्रत्येकाचे कूळ वेगळे आहे. परंतु ‘मेट’ इतक्या निरनिराळ्या पायऱ्यांवर बसलेला दुसरा शब्द माझ्या पाहण्यात नाही. क्लासमेट आणि रूममेट आपल्याकडे केव्हाच रुळले. व्यापारी जहाजावर कप्तानाच्या खालोखाल ज्याचा अधिकार चालतो तो ‘फर्स्ट मेट’. इंग्लंडात नळाची कामे करणाऱ्या कारागिराच्या हाताखाली हत्यारे देणारा गडी मात्र ‘प्लंबर्स मेट’. पक्ष्यांच्या जोडीतला नर मादीचा ‘मेट’ असतो, मादी नराची ‘मेट’ असते, आणि लंडनच्या बाजारातला भाजीवाला कधीही न पाहिलेल्या गिऱ्हाइकालाही ‘मेट’ म्हणूनच हाक मारतो. बरोबरीचा, वरचा, खालचा, जोडीचा आणि अगदी अनोळखी अशा सगळ्यांना एकच शब्द कसा पुरला, हा माझा प्रश्न आहे.

व्युत्पत्तीचा भाग प्रथम मांडतो, कारण चर्चेचा पाया तोच आहे. हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकात दिसू लागतो आणि तो उत्तर जर्मनीच्या किनारपट्टीवर बोलल्या जाणाऱ्या मध्ययुगीन लो-जर्मन भाषेतून आला, असे कोशकार सांगतात. तिथे त्याची रूपे ‘माटे’ आणि ‘गेमाटे’ अशी होती. यातला ‘गे’ हा पूर्वप्रत्यय आपल्या ‘सह’सारखा आहे आणि पुढचा अंश अन्नवाचक आहे. ज्याचे आणि माझे अन्न एक, जो माझ्या पंगतीला बसतो, तो माझा ‘मेट’. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत याच घडणीचा ‘गेमेट्टा’ हा घरचा शब्द आधीपासून होता आणि त्याचाही अर्थ ताटाचा सोबती, पानावरचा पाहुणा असाच होता. तो मागे पडला आणि त्याचाच चुलतभाऊ समुद्रामार्गे येऊन रुजला. त्या काळी हॅन्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाची लंडनमध्ये थेम्सच्या काठी ‘स्टीलयार्ड’ नावाची वखार होती आणि लो-जर्मन व डच बोलणाऱ्या खलाशांचे इंग्लंडच्या बंदरांत सतत येणेजाणे होते. ‘स्किपर’ आणि ‘डेक’ हे शब्दही इंग्रजीला अशाच दर्यावर्दी सहवासातून मिळाले.

अन्नवाचक जो अंश आहे, तोच आजच्या इंग्रजीतला ‘मीट’ होय. आपण ‘मीट’ म्हणजे मांस समजतो. पण मुळात तो कोणत्याही अन्नाचा वाचक होता आणि साधारण १३०० च्या सुमारास मांसाकडे झुकू लागला. जुना अर्थ बराच काळ टिकून राहिला. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला बी देणाऱ्या वनस्पती आणि फळझाडे देतो व ती तुमचे ‘मीट’ होतील असे सांगतो. तिथे पालाफळेच ‘मीट’ आहेत. मिठाईला ‘स्वीटमीट’ म्हणण्यातही तोच जुना अर्थ उरला आहे.

माझे म्हणणे असे की ‘मेट’चे पुढचे बहुतेक अर्थ कोण कोणाबरोबर जेवतो या एका गोष्टीतून उलगडतात. जहाजाचा भाग ज्यांना माहीत असेल त्यांनी तो सविस्तर लिहावा, कारण शब्दाची खरी जडणघडण तिथे झाली असे मला वाटते.

गलबत

शब्दवेध यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. ब्रिटिश आरमाराच्या शिडाच्या जहाजांवर खलाशांची ‘मेस’ म्हणजे वेगळी खोली नसे. तोफांच्या माळ्यावरच, दोन तोफांच्या मधल्या जागेत, वरच्या तुळयांना दोरांनी टांगलेली एक फळी हेच त्यांचे जेवणाचे मेज. एका मेजाभोवती साधारण चार ते आठ माणसे बसत आणि तेवढ्यांची मिळून एक मेस होई. शिधा माणसागणिक मोजला जाई, पण हाती पडे तो मेसच्या नावाने. मेसमधला एक जण पाळीने तो घेऊन येई, मुदपाकखान्यातून शिजवून आणी आणि वाटून देई. अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या कामाच्या तुकड्या वेगळ्या असत. मेस मात्र खलाशी आपापल्या मर्जीने जमवत आणि न पटल्यास परवानगी घेऊन दुसऱ्या मेसमध्ये जात. ज्या जहाजावर माणसाला जवळजवळ कशाचीच निवड करता येत नसे, तिथे कोणाबरोबर जेवायचे एवढे तरी त्याच्या हाती होते. ‘मेसमेट’ या शब्दाला आरमारात जे वजन होते, ते यामुळे. (आपली ‘मेस’ तीच. स्वयंपाकघरातून ‘पाठवलेले’ पान या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला.)

अन्नाची वाटणी किती काटेकोर असे, याचे एक उदाहरण नोंदवून ठेवण्यासारखे आहे. १७८९ च्या एप्रिलमध्ये ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले आणि कप्तान विल्यम ब्लाय याला त्याच्याबरोबरच्या १८ माणसांसह २३ फुटी उघड्या होडीत सोडून देण्यात आले. तोफुआ बेटावर त्यांतला एक मारला गेला. उरलेल्या १८ जणांनी तिमोरपर्यंत सुमारे ३,६०० सागरी मैल ती होडी नेली. वाटेत, मे महिन्याच्या अखेरीस, नॉडी जातीचा एक समुद्रपक्षी हाती लागला. तो लहान कबुतराएवढा होता, असे ब्लायने लिहिले आहे. आतड्यांसकट त्याचे १८ वाटे केले गेले. मग एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने एका वाट्यावर बोट ठेवून ‘हा कोणाचा?’ असे विचारायचे आणि पाठमोऱ्याने एक नाव घ्यायचे, या दर्यावर्दी रीतीने ते वाटे दिले गेले. कोणता तुकडा मोठा आणि कोणता नुसत्या हाडाचा हे नाव घेणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे कप्तान असो की साधा खलाशी, कोणाला झुकते माप मिळण्याची सोयच राहत नाही. खाऱ्या पाण्यात बुडवून त्या माणसांनी तो पक्षी हाडांसह खाल्ला. ‘मेट’ या शब्दातला ‘अन्नाचा वाटेकरी’ हा अर्थ इतका उघडावाघडा मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही.

आता अधिकारी ‘मेट’ कसा झाला ते पाहू. सुताराचा मदतनीस, तोफखान्याच्या प्रमुखाचा मदतनीस, शल्यवैद्याचा मदतनीस हे सगळे आपापल्या प्रमुखाचे ‘मेट’. जहाज चालवणाऱ्या ‘मास्टर’चाही असाच एक ‘मेट’ असे. शब्दाचा अर्थ मदतनीसच राहिला. पण मास्टर सगळ्या जहाजाचा धनी असल्यामुळे त्याचा मदतनीस आपोआप इतर सर्वांच्या वर गेला. आरमारात १८६१ साली ‘मेट’ या पदाचे नाव बदलून सब-लेफ्टनंट करण्यात आले, व्यापारी जहाजांवर मात्र ते आजही चालू आहे.

आपल्या कोकणच्या दृष्टीने एक गोष्ट जोडतो. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे जे खलाशी असत, त्यांची उतरंड सारंग, टंडेल, खलाशी अशी होती आणि त्यांचा स्वयंपाक करणारा ‘भंडारी’ स्वतंत्र असे. ‘मेट’ हे पद गोऱ्या अधिकाऱ्यांचे. ताटे वेगळी होती आणि पदांची नावेही वेगळी होती.

पटावरची

एक शंका आहे. बुद्धिबळातल्या ‘चेकमेट’मधला ‘मेट’ याच कुळातला आहे काय? राजाचा सोबती संपला, असा काही अर्थ त्यात असावा का?

शब्दवेध

नाही, ते निव्वळ ध्वनिसाम्य आहे. ‘चेकमेट’ हा फारसी ‘शाह मात’चा युरोपात गेलेला अवतार आहे. ‘मात’ अरबीतल्या ‘मेला’ या अर्थाच्या क्रियापदातून आला असे पूर्वी सरसकट सांगत. राजा हतबल झाला, असा फारसी अर्थ काही अभ्यासक पुढे करतात. आपण ‘शह-काटशह’ आणि ‘मात करणे’ म्हणतो, ते तिथलेच. म्हणजे ‘चेकमेट’मधल्या ‘मेट’चे नातेवाईक मराठीत जुने आहेत, आणि ‘रूममेट’मधला ‘मेट’ आला तो पुष्कळ नंतर, इंग्रजांबरोबर. मध्ययुगीन इंग्रजीत मात करणे या अर्थाचे ‘मेट’ हे क्रियापदही होते, त्यामुळे जुने साहित्य वाचताना इंग्रज वाचकांचीही इथे गल्लत होते.

एकपंक्ती

‘कम्पॅनियन’चा उल्लेख वर ओझरता झाला आहे, तो ‘मेट’शेजारी ठेवून पाहिला पाहिजे. ‘कम्पॅनियन’ उत्तरकालीन लॅटिनमधला आहे. ‘कोम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. जुन्या गॉथिक भाषेत अगदी याच घडणीचा ‘गाह्लाइबा’ शब्द सापडतो. त्यात ‘गा’ म्हणजे सह आणि ‘ह्लाइफ्स’ म्हणजे पाव. रोमन सैन्यात भरती झालेल्या जर्मन टोळ्यांच्या तोंडचा हा शब्द ऐकून लॅटिनने आपला शब्द घडवला असावा, असे भाषाभ्यासकांचे प्रतिपादन आहे. तसे असेल तर ‘मेट’ आणि ‘कम्पॅनियन’ या दोन्हींच्या मुळाशी जर्मानिक लोकांची एकच विचाररीत आहे.

परंतु अन्नाभोवतीचे सगळेच इंग्रजी शब्द बरोबरीचे नाहीत, आणि हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘लॉर्ड’ हा मुळात ‘ह्लाफवेअर्ड’, म्हणजे पावाचा राखणदार. ‘लेडी’ ही ‘ह्लाफदीये’, पावाचे पीठ मळणारी. आणि त्यांच्या आश्रयाला राहणारा नोकर तो ‘ह्लाफअॅटा’, पाव खाणारा. केंटचा राजा एथेलबर्ट याच्या सुमारे ६०० सालच्या कायद्यात कलमच आहे की स्वतंत्र शेतकऱ्याच्या ‘पाव खाणाऱ्या’ला कोणी ठार मारले तर त्याने सहा शिलिंग भरावेत. राखणारा, मळणारी आणि खाणारा असे तिघांचे स्थान एकाच पावावरून ठरलेले आहे.

आपल्या म्हणी या दुसऱ्या जातीच्या आहेत. खाल्ल्या मिठाला जागणे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ताटाखालचे मांजर होणे, या सगळ्यांत एक देणारा आहे आणि एक मिंधा आहे. अन्नाचे ऋण खालून वर जाते. ‘मेट’मध्ये देणारा कोणी नाही, सगळेच खाणारे आहेत, आणि त्यामुळे कोणी कोणाचा मिंधा नाही. एवढ्या लहान शब्दात ही समपातळी शतकानुशतके टिकून राहिली, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आपल्या परंपरेत आडव्या नात्याचा शब्द नाहीच, असे मात्र समजू नये. श्रावणी सोमवारी रुद्राला जोडून जे चमक म्हणतात, त्याच्या चौथ्या अनुवाकात ‘सग्धिश्च मे सपीतिश्च मे’ असे शब्द येतात. ‘सग्धि’ म्हणजे एकत्र जेवणे, ‘सपीति’ म्हणजे एकत्र पिणे. दूध, रस, तूप आणि मध मागून झाल्यावर आणि शेती व पाऊस मागण्याच्या आधी ऋषी या दोन गोष्टी मागतो. तूप-मध मिळाले तरी ते एकट्याने खायचे नाही, असा त्या क्रमाचा अर्थ मी लावतो. ‘सग्धि’तला ‘स’ आणि ‘गेमाटे’तला ‘गे’ एकच काम करतात.

‘मित्र’ आणि ‘मेट’ यांचा संबंध जोडण्याचा मोह कोणाला होईल, म्हणून लिहितो. तो संबंध नाही. वैदिक मित्र आणि अवेस्तातला मिथ्र हे कराराचे, दिलेल्या शब्दाचे दैवत आहे. तिथे अन्नाचा विषय नाही.

दक्षिणवारा

मी मेलबर्नला राहतो आणि हा शब्द दिवसभर ऐकतो. ऑस्ट्रेलियात त्याला जी प्रतिष्ठा मिळाली, ती इंग्लंडातही मिळाली नाही. ‘मेटशिप’ हे इथे जवळजवळ राष्ट्रीय मूल्य मानले जाते, आणि त्याचा उगमही पुन्हा चुलीपाशीच सापडतो. १८५१ साली न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात सोने सापडल्यावर जगभरातून माणसे लोटली. एकट्याने सोने काढणे जवळपास अशक्य होते. एकाने खणायचे, दुसऱ्याने माती वाहायची, तिसऱ्याने पाण्याच्या काठी ‘क्रेडल’ नावाचा पाळण्यासारखा डोलणारा खोका हलवत ती माती धुवायची. हे तिघेचौघे एकाच तंबूत झोपत, ‘बिली’ नावाच्या एकाच डब्यात चहा उकळत आणि निखाऱ्यात भाजलेला ‘डॅम्पर’ हा जाड पाव मोडून खात. सापडलेल्या सोन्याची वाटणी सारखी असे. त्याआधीचे धनगर आणि त्यानंतरचे मेंढ्यांची लोकर कातरणारे कामगार यांच्यातही अशीच जोडीदारी होती, आणि १९१५ च्या गॅलिपोलीच्या लढाईनंतर हा शब्द सैनिकांच्या आठवणीशी कायमचा जोडला गेला.

मात्र हे ताट सर्वांसाठी मांडलेले नव्हते, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. त्याच सोन्याच्या खाणींवर चिनी मजूर हजारोंनी होते आणि १८६१ मध्ये लॅम्बिंग फ्लॅट येथे गोऱ्या खाणकामगारांनी त्यांच्या वस्तीवर हल्ला करून त्यांना हुसकावून लावले. ज्या माणसांनी आपापसांत बरोबरी पाळली, त्यांनीच शेजारच्या तंबूतल्या माणसाला ‘मेट’ मानले नाही. स्त्रियांचेही तसेच. १९९९ साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी राज्यघटनेसाठी नवी प्रस्तावना सुचवली. तिचा पहिला मसुदा कवी लेस मरे यांच्या साहाय्याने तयार झाला होता आणि त्यात ‘मेटशिप’ हा शब्द होता. हा पुरुषांचा शब्द आहे, अशी जोरदार हरकत निघाली आणि अंतिम मसुद्यातून तो वगळावा लागला. ६ नोव्हेंबर १९९९ च्या सार्वमतात ती प्रस्तावनाच फेटाळली गेली. पुढे ऑगस्ट २००५ मध्ये कॅनबेरातल्या संसद भवनाच्या सुरक्षारक्षकांना येणाऱ्या-जाणाऱ्यांना ‘मेट’ म्हणू नये असा आदेश निघाला. दोन्ही बाजूंच्या खासदारांनी एवढी नाराजी व्यक्त केली की तो एका दिवसात मागे घ्यावा लागला. राज्यघटनेत शब्द नको, पण दारावरच्या रक्षकाच्या तोंडी तो हवा, ही दोन्ही मते एकाच समाजाची आहेत आणि मला ती परस्परविरोधी वाटत नाहीत. बरोबरी लिहून देण्यापेक्षा हाकेत ऐकू यावी, असे इथल्या लोकांना वाटते.

नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींना उपयोगी पडेल असे एक निरीक्षण लिहितो. स्वर लांबवून, शेवटी किंचित वर नेऊन म्हटलेला ‘मेट’ स्वागताचा असतो. वाक्याच्या सुरुवातीला ‘लुक, मेट’ असा तोडून म्हटलेला शब्द ही ताकीद असते आणि तिथे आपला आवाज खाली आणलेला बरा. आपण ‘अहो साहेब’ हे दोन शब्द आदरानेही म्हणतो आणि भांडणाच्या तोंडावरही म्हणतो, तसेच हे आहे.

लोहमार्ग

हा शब्द आपल्या मातीतही शंभरावर वर्षे राबतो आहे, त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला दिसत नाही. रेल्वेच्या रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये गँगमन, कीमन आणि त्यांच्या वर ‘मेट’ अशी रचना होती. कीमन हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासणार, रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकणार; गँगमन पहारी आणि फावडी घेऊन खडी भरणार; आणि मेट मापे पाहणार, हजेरी ठेवणार, गाडीची वेळ सांभाळून माणसे रुळावरून बाजूला काढणार. आमच्या घरात दोन पिढ्या रेल्वेत गेल्या. ‘मेट आला’ म्हटले की गँगमध्ये बोलणे थांबायचे, असे मी लहानपणी ऐकले आहे. आपण ज्याला मुकादम म्हणतो, तोच हा.

रोजगार हमीच्या कामांवरही मेट असतो. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. नंतरच्या राष्ट्रीय योजनेतही मजुरांची हजेरी मांडणाऱ्या, चर-बांध आखून देणाऱ्या माणसाला किंवा बाईला मेटच म्हणतात. याउलट लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेत, म्हणजे पुण्याच्या खडकी-कॅम्प भागात ज्यांना ‘एमईएस’ म्हणून सारे ओळखतात त्यांच्याकडे, ‘ट्रेड्समन मेट’ हे कारागिराच्या हाताखालच्या मदतनीसाचे पद आहे. इथे वायरमनचा मेट शिडी धरतो आणि तिथे गँगचा मेट पंधरा माणसांवर हुकूम चालवतो. गलबत यांनी सांगितलेली ‘प्रमुखाचा मदतनीस’ ही कल्पना धरली तर दोन्ही अर्थ सरळ लागतात. गँगचा मेट हा रेल्वेमार्गाच्या निरीक्षकाचा मदतनीस होता, म्हणून गँगवर त्याचा अधिकार. अन्नाचा अर्थ मात्र या दोन्हींतून पूर्णपणे गेला आहे. गँगमन दुपारी डबे सोडून एकत्र बसत, आणि मेट बहुधा त्यांच्यात नसे.

कूडवासी

एका ताटाचे शब्द झाले, तर एका खोलीचेही दोन शब्द नोंदवतो. ‘कॉम्रेड’ स्पॅनिश ‘कामारादा’वरून आला आहे. ‘कामारा’ म्हणजे खोली, आणि ‘कामारादा’ म्हणजे त्या खोलीत एकत्र राहणारे. सैनिकांच्या तळावरून तो फ्रेंचमध्ये आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत गेला. समाजवाद्यांनी तो संबोधन म्हणून उचलला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. गिरणगावात ‘कॉम्रेड डांगे’ म्हणणाऱ्या कामगाराच्या तोंडी तो मराठीच झाला होता. आपल्याकडचा ‘कमरा’ पोर्तुगीज ‘कामारा’वरून आला, म्हणजे ‘कमरा’ आणि ‘कॉम्रेड’ हे सख्खे नातलग आहेत. ‘चम’ हा ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांचा सतराव्या शतकातला शब्द, तोही ‘चेंबर’वरूनच आला असे मानतात.

मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोवेकरांच्या ज्या ‘कुडी’ आहेत, त्यांच्याशी हे ताडून पाहावे. कोंकणीत कूड म्हणजे खोली. एकेका गावाने मुंबईत आपली कूड काढली आणि बोटीवर नोकरीची वाट पाहणारे तिथले तरुण, आचारी, स्टुअर्ड आणि वादक तिथे उतरत. भिंतीकडेने पेट्यांची रांग, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हटलेले तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. नोकरीचा निरोप येताच माणूस पेटी उचलून गोदीकडे जाई आणि त्याची जागा गावचा दुसरा कोणी घेई. ‘कामारादा’चा अर्थ एखाद्याला प्रत्यक्ष दाखवायचा झाला, तर मी त्याला तिथे नेईन.

जाता जाता ‘पॅल’. तो रोमानी भाषेतल्या ‘फ्राल’चा, म्हणजे भावाचा, इंग्रजी झालेला आहे, आणि ‘फ्राल’ संस्कृत ‘भ्राता’चा वंशज आहे. भारतातून शेकडो वर्षांपूर्वी निघालेल्या लोकांनी तो विलायतेत नेला. आपला ‘भाऊ’ त्याच घरचा.

एकपंक्ती

आतापर्यंत एका अर्थाकडे कोणी वळलेले नाही, तो म्हणजे पती किंवा पत्नी. चौदाव्या शतकातला ‘मेट’ जेवणाचा सोबती होता आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तो लग्नाच्या जोडीदारालाही लावला जाऊ लागला. प्राण्यांच्या जोडीसाठी तो त्यानंतर आला. आपल्या भाषेत सांगायचे तर हा शब्द आधी रोटीव्यवहाराचा होता आणि मग बेटीव्यवहाराचा झाला.

मराठी माणसाला हा क्रम फार ओळखीचा आहे. आपल्याकडे पंगत हीच समाजाची मोजपट्टी होती. कोणाच्या ओळीला कोण बसेल आणि कोणाच्या हातचे कोण घेईल यावरून जात कळत असे. म्हणूनच सुधारकांनी सहभोजने घडवून आणली. समतानंद अनंत हरी गद्रे यांचे झुणका-भाकर सत्यनारायण हे त्यांतले सर्वांत ठसठशीत उदाहरण. परंतु डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये नेमका या क्रमाचाच विचार केला आहे. अनेक जातींत एकमेकींकडे जेवण्याची मोकळीक आहे, तरीही जातीची भावना मेलेली नाही, असे सांगून त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय ठरवला. रोटीपाशी थांबलेले नाते अपुरे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

याला जोडून एक गोष्ट. लंडनच्या ज्या संस्थांतून बॅरिस्टर होतात, तिथे ठरावीक संख्येने भोजनांना हजर राहणे हा पात्रतेचाच भाग होता, आणि भोजनाला चौघाचौघांची एक ‘मेस’ करून बसत. गांधीजी इनर टेंपलमध्ये होते. चौघांमागे वाइनच्या दोन बाटल्या मिळत, आणि हे पिणारे नसल्यामुळे आपल्या चौकडीत त्यांनी यावे म्हणून इतरांची ओढाताण होई, असे त्यांनीच लिहिले आहे. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. शाळेत ज्यांना पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नसे, त्यांना विलायतेत वकिलीची सनद मिळवण्यासाठी इतरांच्या मेजावर बसून जेवणे नियमाने आवश्यक होते. ‘मेट’ या शब्दाचा इतिहास वाचताना माझे मन सारखे या ठिकाणी येऊन थांबते.

शब्दवेध

एकपंक्ती यांच्या प्रतिसादाने माझ्या प्रश्नाला मी अपेक्षिले होते त्यापेक्षा पुष्कळ मोठे उत्तर मिळाले. जोडीदार या अर्थाबाबत दोन नोंदी राहिल्या आहेत, त्या लिहितो.

‘हेल्पमेट’ या शब्दात ‘मेट’ मुळात नव्हता. १६११ च्या बायबलात देव आदामासाठी ‘हेल्प मीट फॉर हिम’ घडवीन असे म्हणतो. इथला ‘मीट’ हा अन्नवाचक नव्हे. तो ‘योग्य, अनुरूप’ या अर्थाचे विशेषण आहे. त्याला अनुरूप असे साहाय्य, एवढाच त्याचा आशय. वाचकांनी पहिले दोन शब्द जोडून ‘हेल्पमीट’ असे नाम केले, आणि ‘मीट’चा तो अर्थ विसरला गेल्यावर अठराव्या शतकात लोकांनी त्याचे ‘हेल्पमेट’ करून टाकले. चुकीच्या वाचनातून जन्मलेला हा शब्द पत्नीसाठी दोनशे वर्षे सन्मानाने वापरला गेला.

दुसरी नोंद ‘सोलमेट’ची. आज लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर हा शब्द पदोपदी दिसतो. कवी कोलरिज याने १८२२ साली एका तरुणीला लिहिलेल्या पत्रात तो आढळतो. वैवाहिक आयुष्य दुःखाचे होऊ नये असे वाटत असेल तर घराचा किंवा जुवाचा जोडीदार मिळून भागत नाही, आत्म्याचा जोडीदारही हवा, असे त्याने तिला कळवले होते. त्यातला जुवाचा जोडीदार म्हणजे ‘योकमेट’, आणि ‘योक’ हा संस्कृत ‘युग’चा व आपल्या ‘जू’चा सगोत्र आहे. बैलजोडीतल्या दोघांची वैरणही एकाच गव्हाणीत पडते, म्हणून ‘योकमेट’मध्ये ‘मेट’चा पहिला अर्थ कोलरिजच्या नकळत का होईना शिल्लक राहिला आहे, असे माझे मत आहे. ‘फ्लॅटमेट’बद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही, तिथे प्रत्येकाचा फ्रिजमधला कप्पा वेगळा असतो.